फोटोला घातलेलं मेडल

सगळे हसले.

शाळेच्या हॉलमध्ये पालकांची मीटिंग होती. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मधल्या रांगेत बसलो होतो. प्रिन्सिपल बाई म्हणाल्या, मुलांच्या प्रगतीबद्दल कुणाला बोलायचं असेल तर बोला. मी उठलो. उठायला नको होतं, असं मी आजही म्हणणार नाही.

म्हणालो, "माझी नात प्रज्ञा, नववी ब. तिला काल शाळेनं मेडल दिलं. तिची आजी उन्हाळ्यात वारली. पोरीनं इंग्रजी शिकावं ही तिचीच हौस. म्हणून मेडल मी आजीच्या फोटोला घातलंय. शाळेचे लई उपकार."

बाईंनी विचारलं, "कसलं मेडल?"

"पिवळं, गोल. निळ्या फितीचं. वर इंग्रजी अक्षरं हायत."

आधी मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. शेजारी बसलेली रावेतच्या सोसायटीतली एक आई हळूच म्हणाली, "अंकल, वो मेडल नहीं है." तिच्या तोंडावर हसू नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. बाई म्हणाल्या, "आजोबा, ती शिक्षा आहे. वर्गात मराठी बोललं की तो बिल्ला गळ्यात घालावा लागतो. दुसरं कुणी मराठी बोललं की त्याच्या गळ्यात जातो. दिवस संपताना ज्याच्याकडे राहील, तो घरी नेतो."

स्टेजवर ट्रस्टी बसले होते. प्राधिकरणात मोठा बंगला, आवाजही बंगल्यासारखाच. ते माईकवर म्हणाले, "असू द्या, असू द्या. फोटोला घातलाय ना? त्यांना तरी कुठं इंग्रजी येत होतं!"

हॉल पुन्हा हसला. पहिल्यापेक्षा जास्त.

मी खाली बसलो. मेलेल्या माणसावर हसले. तेही माझ्यामुळं.

माझी बायको निगडीत धुणीभांडी करायची. सकाळी दापोडीहून बस, दुपारी परत. ज्या घरांत भांडी घासली, त्याच घरांतली पोरं या शाळेत जायची. ओट्याशी उभी राहून ती त्या पोरांचं इंग्रजी ऐकायची. घरी येऊन म्हणायची, "अवो, ती लेकरं आपल्या प्रज्ञापेक्षा हुशार न्हाईत. नुसती पटापटा बोलतात." पोराला आणि सुनेला चाकणच्या कंपनीत शिफ्ट. शाळेचं सगळं हिनंच बघितलं. फॉर्म आणला, साहेब लोकांच्या दारात उभी राहिली, नात आत घातली. मी चौथी शिकलेला माणूस. भोसरीत कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर जन्म गेला. छातीवर नंबराचा बिल्ला लावला, पण तो भाकरीसाठी. गळ्यात कुणाचं काही घातलं नाही.

ती असती तर हे झालं नसतं. तिलाही वाचता येत नव्हतं, पण तिला विचारायची लाज नव्हती. फीत हातात घेऊन ती कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे गेली असती. "भाऊ, काय लिवलंय हे?" मी पुरुषमाणूस. मी विचारलं नाही. डबा काढताना दप्तरात बिल्ला दिसला, चमकला, मला वाटलं बक्षीस. प्रज्ञा खाली मान घालून उभी. मला वाटलं लाजतीय. गल्लीतल्या चार घरांत दाखवून आलो. विहाराच्या कट्ट्यावर बसलेल्यांनाही दाखवलं. तेही म्हणाले, "राव, नशीब काढलं पोरीनं."

घरी येऊन फोटोसमोर उभा राहिलो. पिवळा बिल्ला बरोबर तिच्या गळ्यावर आला होता.

माझ्या आज्यानं त्याच्या आज्याकडून ऐकलेलं मला सांगितलं होतं. पुण्याच्या वेशीत शिरताना आपल्या माणसाच्या गळ्यात मडकं असायचं, थुंकायला. ते मडकं दुसऱ्यांनी बांधलं होतं. हे मी बांधलं. माझ्या हातानं, हौसेनं, दोनदा गाठ मारून.

मी ते काढलं. प्रज्ञाला विचारलं, "काल का न्हाई सांगितलंस?"

ती म्हणाली, "तुम्ही आजीच्या फोटोकडं बघून हसलात. आजी गेल्यापासून पहिल्यांदा."

मी फीत गुंडाळून बिल्ला खिशात ठेवला.

बिल्ला मी परत जाऊ दिला नाही. तिला म्हणालो, शाळेत विचारलं तर हरवला म्हणू नको. माझ्या आजोबांकडं हाय म्हण. तिनं तसंच सांगितलं. शाळेनं दुसरा बिल्ला केला.

पण खरं नुकसान पुढं झालं. पोरगी घरात बोलेनाशी झाली. मराठी तोंडात बसली की वर्गात चुकून बाहेर पडते, म्हणून घरातही इंग्रजीच. आणि इंग्रजी बोलायचं कुणाशी? माझ्याशी? "वॉटर," "येस," "नो." बास. पोरगा-सून कामावर. घरात दोन माणसं. बोलणारं माणूस मसणात गेलं आणि उरलेलं मुकं झालं. संध्याकाळी रेल्वेची गाडी गेली की भांडी तेवढी खुळखुळायची. तेवढाच आवाज.

दिवाळीनंतर शाळेत इंग्रजीच्या नवीन मॅडम आल्या. लातूरकडच्या. मी एकदा प्रज्ञाचा विसरलेला डबा द्यायला गेलो तर त्यांचा तास चालू होता. मी दाराशी उभा. त्या इंग्रजीत कसलीतरी गोष्ट वाचून दाखवत होत्या आणि मध्येच थांबून पोरांना विचारत होत्या. नंतर मला बाहेर येऊन म्हणाल्या, "बाबा, गोष्टीत एक नोकर हाय. मालक त्याला नावानं नाही, घंटी वाजवून बोलवतो. गोष्टीत त्याचं नावच नाही. मी पोरांना निबंध दिला, त्याचं नाव काय असंल ते तुम्ही सांगा. कुणी राजू लिहिलं, कुणी जॉन. तुमच्या नातीनं स्वतःच्या आजीचं नाव लिहिलं. कारणासकट दोन पानं. ती लिहिती भरपूर. बोलत नाही. मला तिला बोलतं करायचंय."

मी म्हणालो, "मला बी."

मग त्यांनी वर्गाचा वादविवाद हॉलमध्ये ठेवला. विषय: बिल्ल्याची पद्धत शाळेत असावी की नसावी. प्रिन्सिपल बाईंनी परवानगी कशी दिली, मला ठाऊक नाही. बहुतेक त्यांना वाटलं असेल, पोरं इंग्रजीत भांडतायत ना, भांडू द्या. पालकांना बोलावलं होतं. बाजू मात्र स्वतः निवडायची नाही. मॅडमनी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. प्रज्ञाच्या हाताला 'असावी'ची चिठ्ठी आली.

माझं डोकं फिरलं. तडक शाळेत गेलो.

"मॅडम, पोरीनं सोताच्या गळ्यातल्या फासाची बाजू घ्यायची?"

"चिठ्ठी पडली की पडली, बाबा."

"हा कसला न्याव?"

"न्याय नाही, सराव हाय. उद्या समोरचा माणूस काय बोलणार ते तिला आजच माहीत पाहिजे. नाहीतर ती नुसती रडंल."

रागानं बसस्टॉपवर आलो आणि तिथं आठवलं. आमच्या कंपनीत गेट मीटिंग व्हायची. पगारवाढीच्या बोलणीला मालकाकडं आत जायच्या आधी आमचे युनियनचे म्हातारे पुढारी कुणालातरी स्टुलावर उभं करायचे. "तू मालक हो. बोल मालकासारखा." आणि मालक बहुतेक मीच व्हायचो. असा मालक व्हायचो की पोरं शिव्या द्यायची. पण आत गेल्यावर मालक जे बोलायचा ते आम्ही आधीच ऐकलेलं असायचं. कुणी गडबडायचं नाही.

घरी आलो. प्रज्ञाला म्हणालो, "चल, भांड माझ्याशी. तू बिल्ल्याच्या बाजूनं, मी इरोधात."

"इंग्लिश?" ती म्हणाली.

"मला यतंय का? आधी मराठीत भांड. मग त्याचं काय करायचं ते कर."

पहिल्या दिवशी ती भिंतीकडं बघून पुटपुटली. दुसऱ्या दिवशी जरा मान वर. मग एकदा मी मुद्दाम डिवचलं, "एवढंच? आजीला तर शेजारीण बी घाबरायची." तशी पोरगी उसळली.

"आजीच म्हणायची ना, पाण्यात ढकलल्याशिवाय पोहता येत नाही?"

"ढकलणारा काठावर कोरडा उभा ऱ्हातो, त्याचं काय?"

"मग त्यालाही ढकला!"

"आँ?"

"नियम चांगला असेल तर सगळ्यांना लावा, आजोबा! फक्त आम्हालाच का?"

शेजारची बाई दारात आली, काय झालं म्हणून. काही झालं नव्हतं. आमच्या घरात आवाज झाला होता. आजी गेल्यापासून पहिल्यांदा. पोरगी लाल झालेली, कमरेवर हात. हुबेहूब तिची आजी. मी पाणी प्यायला म्हणून मोरीकडं गेलो. तिथं तोंडावर पाणी मारलं.

वादविवादाला मी तोच पांढरा शर्ट घातला. खिशात बिल्ला.

हॉल तोच. ट्रस्टी स्टेजवर. प्रज्ञा उठली आणि बोलायला लागली. मला शब्द कळले नाहीत. पण मी गेटवर भाषणं ऐकलेला माणूस. श्वास कुठं घेतला, कुठं थांबली, कुठं समोरच्याच्या डोळ्यात बघितलं, ते कळतं. रावेतची ती आई या वेळी माझ्याशेजारी मुद्दाम येऊन बसली होती. ती कानात सांगत होती, "अंकल, वो बोल रही है, रूल अच्छा है. बहुत अच्छा है. इसलिए सबको लगना चाहिए. टीचर को, वॉचमन को, प्रिन्सिपल को, ट्रस्टी को. जो मराठी बोले, वो पहने." हॉलमध्ये पोरं बाकं वाजवायला लागली. ट्रस्टी हसत होते. त्यांना वाटलं, पोरगी त्यांच्याच बाजूनं बोलतेय.

दोन्ही बाजू झाल्या. मॅडम म्हणाल्या, आता सभा खुली आहे, समोर बसलेल्यांपैकी कुणीही उठून बोलावं.

मी उठलो. खिशातून बिल्ला काढला, माझ्या गळ्यात घातला.

प्रिन्सिपल बाई म्हणाल्या, "इंग्लिश प्लीज, आजोबा."

"मला येत न्हाई. मी मराठीत बोलणार. नियमानं बिल्ला घातलाय. बघा."

पोरं वळून बघायला लागली. मी म्हणालो, "मागच्या येळेला मी हितं उठलो, तवा तुमी माझ्या मेलेल्या बायकोला हसला. ती तुमच्यातल्या कैकांच्या घरी भांडी घासत हुती. तिला इंग्रजी येत नव्हतं, खरं हाय. तुमचं खरकटं कुठल्या भाषेत हुतं, ते तिनं कधी इचारलं न्हाई. पोरीला इंग्रजी शिकवा. दाबून शिकवा. गोष्टी सांगा, निबंध लिवून घ्या, भांडायला लावा, ह्या मॅडम शिकवतात तसं. आमाला इंग्रजी पायजेच. पर आईच्या भाषेसाठी गळ्यात..."

"ए!" ट्रस्टी उभे राहिले. माईक हातात. "कोण आहे हा माणूस? खाली बसवा त्याला! ही काय चावडी आहे का?"

शुद्ध मराठी. पुण्याची.

आधी एका पोरानं ओळखलं. मग अख्ख्या वर्गानं. कुजबुज, मग हसू, मग बाकं. तेच हसू, पण या वेळी ते स्टेजकडं चाललं होतं.

मी गळ्यातला बिल्ला काढला. स्टेजच्या पायऱ्या चढलो. गुडघे दुखतात, हळूहळू चढलो. त्यांच्यासमोर फीत दोन्ही हातांनी धरली, हार घालतात तशी.

"साहेब, तुमची पाळी."

त्यांनी घेतला नाही. मागं सरकले. माझ्या हाताला हात लागू नये असे सरकले. ते सरकणं मी ओळखतो. लहानपणापासून ओळखतो. मग ते आतल्या दारानं निघून गेले.

मी खाली उतरलो. टाळ्या मागायला गेलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल बाईंचा फोन आला. पुढच्या वर्षी प्रज्ञाच्या प्रवेशाचा विचार करावा लागेल. मॅडमनाही आत बोलावून घेतलं म्हणे. बिल्ल्याची पद्धत बंद झालेली नाही. मी माफी मागितली आणि बिल्ला परत केला, तर विषय मिटेल.

मी म्हणालो, "इचार करा. आमी बी करतो."

पोरगा घाबरला. म्हणाला, "बाबा, एक सॉरी म्हणा ना. पोरीचं दहावीचं वर्ष येतंय." त्याचं चूक नाही. कंत्राटावरचा माणूस दिवसभर सॉरी म्हणूनच जगतो. मी प्रज्ञाकडं बघितलं. ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "आजोबा, तुम्ही सॉरी म्हणालात तर मी परत बोलायची बंद होईन." मराठीत म्हणाली. मग तेच इंग्रजीत म्हणाली, बापाला कळावं म्हणून की तिला दोन्ही येतात.

झालं. ठरलं.

माफी नाही. शाळा सोडणारही नाही. तिच्या आजीनं साहेबांच्या दारात उभं राहून मिळवलेली जागा आहे ती, कुणी उपकार केलेला नाही. काढायचं असेल तर लेखी द्या, कारण लिहा, मराठीत नाहीतर इंग्रजीत. वाचायला आता घरात माणूस आहे. मग गेटवर मी उभा राहीन. मला गेटवर उभं राहायची सवय आहे.

पुढच्या मीटिंगला मी पहिल्या रांगेत बसणार. बिल्ला गळ्यात घालून. दर मीटिंगला. जोवर नववी ब मधल्या एका तरी पोराच्या गळ्यात तो आहे, तोवर माझ्याही गळ्यात.

फोटो आता मोकळा आहे. तिच्या गळ्यात काही नाही. नातीच्या गळ्यात पुन्हा काही पडणार नाही. ज्याला घालायची हौस असेल, त्यानं आधी माझ्या गळ्यापर्यंत हात आणावा.