ज्वारीचं पाणी आणि पाकिटाचं पाणी

लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. नांदेडहून वडिलांची बदली तिथल्या नव्या कचेरीत झाली आणि आम्ही सगळे त्यांच्याबरोबर गेलो. दुष्काळ होता. विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी लोक फडक्यानं गाळून पीत, आणि दवाखान्यातला मुलांचा वॉर्ड जुलाबाच्या लेकरांनी भरून जाई. त्या वॉर्डात मला पहिली नोकरी लागली. फॉर्म इंग्रजीत भरायचे होते आणि माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. बोलायचं काम फारसं नाही, असं सांगितलं होतं, म्हणून तर मी हो म्हटलं.

वॉर्डातल्या डॉक्टर मॅडम दोन उपायांची तुलना करत होत्या. एक म्हणजे पाकिटातली साखर-मिठाची पावडर पाण्यात कालवून पाजायची. दुसरा म्हणजे ज्वारीचं पीठ पातळ शिजवून त्यात तेच क्षार घालून पाजायचं. कोणत्या लेकराला काय द्यायचं, हे मॅडमसुद्धा ठरवत नसत. बंद लिफाफ्यांचा गठ्ठा होता. वरचा लिफाफा फोडायचा, आत जी चिठ्ठी निघेल तो उपाय. त्याआधी आईला सगळं समजावून तिचा होकार घ्यायचा, आणि हे काम माझ्याकडे आलं. मी वाक्यं वहीत लिहून पाठ केली होती. ‘दोन्ही औषधं चांगली आहेत. त्यांतलं जास्त चांगलं कोणतं, हे आम्हाला अजून माहीत नाही.’

“डॉक्टरलाच म्हाईत न्हाई,” खडी फोडायच्या दुष्काळी कामावरून थेट आलेली एक आई म्हणाली, “मग आमी कुणाला इचारावं?”

तिच्या मांडीवर वर्षाचा मुलगा होता, ओठ कोरडे पडलेला. आदल्या उन्हाळ्यात तिची मुलगी असल्याच जुलाबानं गेली होती. “बाटली मिळाली न्हाई म्हणून गेली,” ती म्हणाली. बाटली म्हणजे सलाईन. हे ऐकून मी पुढचं वाक्य विसरले. शेवटी तीच म्हणाली, “फोडा की ओ ताई. काय निघंल ते निघंल.”

ज्वारी निघाली.

“पेज?” ती माझ्या हातातल्या चिठ्ठीकडे बघत राहिली. “पेजंसाठी कामावरचा रोज बुडवून आले व्हय मी?”

शेजारच्या खाटेवर उदगीरच्या एका दुकानदाराची सून होती. गळ्यात लिंग, मांडीवरच्या मुलीच्या कपाळाला विभूती. त्या मुलीला आदल्या दिवशी पाकिटाची चिठ्ठी निघाली होती. खडीवरची आई तिच्या गोड पाण्याच्या पेल्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती नजर टाळत मी माझ्या टेबलापाशी गेले.

पेला संपला की आईनं तो स्टुलावर उपडा ठेवायचा आणि मी फेरी मारून फॉर्मवर एक खूण करायची, अशी पद्धत होती. दहाच्या सुमारास फेरीला गेले, तर उदगीरची आई आपला पेला शेजारच्या मुलाच्या तोंडाला लावत होती आणि खडीवरची आई ज्वारीचं पाणी तिच्या मुलीला पाजत होती. मला बघून दोघी थांबल्यासुद्धा नाहीत.

“शेजारचं लेकरू टकामका बघालंय,” उदगीरची आई म्हणाली, “अन् आपण आपल्याच लेकराच्या तोंडात घालावं का ओ ताई? अंगी लागंल का ते?”

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण खडीवरच्या आईचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला होता. तिच्या मते तिच्या लेकराला अखेर खरं औषध मिळत होतं. मी नुसती मान हलवली आणि पुढे गेले. नंतर स्टुलावर उपडा पेला दिसला की खूण करत गेले. मुलीला ज्वारीचं पाणी आवडलं होतं आणि ती ते संपवत होती; मुलगा मात्र गोड पाणी तोंडातून बाहेर काढत होता. हे मला दिसलं नाही, कारण मी पेले बघत होते.

दुपारी मॅडम आल्या. त्यांनी मुलाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सावकाश खाली गेली. डोळे खोल गेले होते.

“सकाळपासून लघवी?”

“न्हाई.”

मॅडमनी माझा फॉर्म घेतला, खुणा मोजल्या. “इतकं पिऊनही सुकतोय. म्हणजे तोंडानं भागणार नाही. सलाईन लावू.”

“बाटली लावायलेत,” खडीवरची आई शेजारणीला म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

त्या खुणा तिच्या मुलाच्या नव्हत्याच. मी बोलले तर बाटली जाणार होती, आणि तिच्या लेखी मुलगी गेली ती बाटलीवाचून. नाही बोलले तर त्या वाळक्या हातात विनाकारण सुई जाणार होती, आणि न पाजलेली ज्वारी फॉर्मवर नापास होणार होती. मी मॅडमना हळूच इंग्रजीत सांगायला लागले. त्या दोघींना कळू नये असं मला वाटत होतं.

“मराठीत सांग,” मॅडम म्हणाल्या. “त्यांच्यासमोर.”

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. मुलगा गोड पाणी बाहेरच काढत होता, हे मग उदगीरच्या आईनं सांगितलं.

“तुमी तर बघितलं होतं की ताई,” खडीवरची आई म्हणाली. “तवाच का न्हाई बोललात?”

मॅडम खाटेच्या कडेवर बसल्या. “बाई, तो काही प्यायलाच नाही, तर आधी पाजून बघू. एक तास. बाटली इथं टांगून ठेवते. तासाभरात लघवी झाली नाही, तर मीच येऊन लावते.”

“आण त्याला, मी पाजते,” उदगीरची आई म्हणाली.

“तू गप बस गं. तुझ्या गोड पाण्यानंच केलं हे.”

“अन् तुझी पेज माझ्या पोरीनं ढोसली, ते?” असं म्हणत तिनं आपला चमचा पुढे केला. तो खडीवरच्या आईनं घेतला.

ज्वारीचं पाणी चमच्या-चमच्यानं सुरू झालं. मी घड्याळ धरून स्टुलावर बसले. मुलगा गिळत होता. त्याची आई माझ्याकडे न बघता मधूनमधून विचारायची, “किती झालं?” मी मिनिटं सांगायची. तिची नजर परत टांगलेल्या बाटलीकडे जायची. अर्धा तास झाला, मग आणखी दहा मिनिटं. तिनं विचारणं सोडून दिलं.

मग ती एकदम ताठ झाली. मांडीखाली हात घालून बघितलं.

“मुतला! ओ मॅडम, मुतला माझा!”

“हळू की गं,” उदगीरची आई म्हणाली, “दवंडी द्यायलीस का गावात!” आख्खा वॉर्ड हसला.

सिस्टर बाटली काढायला आल्या, तेव्हा खडीवरच्या आईनं स्टँड धरून ठेवला. “असू द्या की ओ, आजच्या दिवस.” मॅडमनी सिस्टरना हातानंच थांबवलं. बाटली तिथंच राहिली.

दोन्ही लेकरं मॅडमच्या तुलनेच्या अभ्यासातून वगळावी लागली. मी दोन्ही फॉर्मवर आडवी रेघ मारली आणि कारण लिहिलं. त्यात माझी चूकही लिहिली. मॅडमनी ते वाचून खाली सही केली.

टेबलाशी लिहीत असताना मागून खडीवरच्या आईची हाक आली.

“ओ ताई, हिकडं या. पाजालेय मी. बघा म्हणजे झालं.”

त्या फॉर्मवर आता खूण करायची नव्हती. तरी मी गेले आणि मुलाच्या तोंडासमोर बसले.