न वाचलेल्या अहवालाचा संदर्भ

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चंदिगडच्या बाजारांत सायबर कॅफे निघाले आणि आमच्या विभागात ओरड सुरू झाली, की आता मुलं कुठूनही काहीही उचलून आणणार. मी समाजशास्त्र शिकवत असे आणि ओरडणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. असाइनमेंटला जोडलेले इंटरनेटचे छापील कागद मी चिमटीत धरून वर्गाला दाखवायचो, मेलेलं झुरळ दाखवावं तसे. हे कोणी लिहिलं? त्याला कुठून कळलं? तू स्वतः जाऊन मूळ पाहिलंस का? हे प्रश्न मुलांना पाठ झाले होते.

आम्ही प्राध्यापक स्वतः काय करत होतो, ते लिहायला आज हात आखडतो. एखाद्या ज्येष्ठाचा प्रबंध काढायचा, मागची संदर्भसूची उघडायची आणि त्यातले ग्रंथ आपल्या लेखाखाली उतरवायचे, जणू आपणच ते चाळले. अमक्याच्या लेखातून घेतलं असं खरं लिहिणं कमीपणाचं मानत. चहाच्या वेळी एक सहकारी म्हणायचे, "रेफरन्स ऐसा दो यार, कि एग्ज़ामिनर को कुर्सी से उठने में आलस आए." सगळे हसायचे. मीही हसायचो. ते हसणं आठवलं की आता शिसारी येते.

माझा एक लेख त्या काळी बराच वाचला जाई. हे शहर वसवायला ज्या गावांच्या जमिनी गेल्या, तिथल्या बहुतेक लोकांनी नव्या बाजारांत दुकानं थाटली आणि ते स्थिरावले, असं मी त्यात लिहिलं होतं. आधाराला एका जुन्या सरकारी पाहणी अहवालाचं नाव दिलं होतं, पृष्ठ क्रमांकासकट. ते मी माझ्या मार्गदर्शकांच्या लेखातून उचललं होतं. अहवाल डोळ्यांनी पाहिला नव्हता. पण वाक्य सोयीचं होतं. आम्ही सगळे बाहेरून येऊन त्याच जमिनीवरच्या क्वार्टरांत सुखाने राहत होतो. मग इतरांनी ते माझ्याकडून घेतलं, त्यांच्याकडून आणखी कोणी, आणि प्रत्येकाने तळटीपेत थेट अहवालाचंच नाव टाकलं. बाहेरच्या माणसाला वाटावं, इतक्या विद्वानांनी तपासलंय.

एमएच्या शेवटच्या वर्षाला एक मराठी मुलगी होती. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, नागपूरकडून बदलीवर आलेले. गणपतीत आमची घरं एकत्र जेवत. घरी मी काका, विभागात सर. मराठी तिला सगळी कळे, उत्तर मात्र हिंदीत येई. तिला तिथेच एम.फिल. करायचं होतं. जागा मोजक्या होत्या आणि अंतर्गत गुणांवर यादी लागायची. वडिलांची पुढची बदली डोक्यावर होती, तेव्हा हे वर्ष हुकलं तर सगळंच हुकलं. हे तिच्या आईने मला आग्रहाने वाढता वाढता सांगितलं होतं.

असाइनमेंटला तिने तीच उठलेली गावं घेतली आणि माझे प्रश्न खरे मानले. कॅपिटल कॉम्प्लेक्समधल्या, म्हणजे सचिवालयाच्या आवारातल्या, एका कार्यालयाच्या ग्रंथालयात बसायची परवानगी तिने हेलपाटे घालून मिळवली आणि तो अहवाल शोधून काढला. त्या पानाची झेरॉक्स घेऊन ती माझ्या खोलीत आली.

"सर, इसमें गाँववालों का ज़िक्र ही नहीं है."

पानावर दुकानांचे प्रकार होते. कापड, किराणा, सायकली. दुकानदार कुठून आले, हे पाहणी करणाऱ्यांनी कोणाला विचारलंच नव्हतं. कोणाचं वाक्य कोणी उचललं, याचाही तिने माग काढला होता. माझ्या नावापाशी येऊन ती थांबली आणि खाली बघत म्हणाली की सरांनी कदाचित दुसरी आवृत्ती पाहिली असेल. पोरीने मला पळायला वाट करून दिली होती. मी म्हणालो, हो, दुसरी आवृत्ती होती.

पुढच्या आठवड्यात ती घरी आली. ग्रंथपालांना विचारलं होतं, दुसरी आवृत्ती निघालीच नव्हती. ती बैठकीत उभीच राहिली. मी समजुतीच्या सुरात म्हणालो की एवढा भाग काढून टाक, बाकी काम छान आहे, गुणांची काळजी करू नकोस. ती एरवी माझ्याशी मराठी बोलत नसे. त्या दिवशी शब्द जुळवत बोलली.

"काका, काढून टाकलं तर मग मी शोधलं कशाला?"

तिने काढलं नाही. त्या वर्षी माझी बढतीची फाइल वर गेली होती आणि तो लेख फाइलमध्ये होता. मी तिच्या असाइनमेंटवर शेरा लिहिला: एकाच जुन्या साधनावर अवाजवी भिस्त, मान्यताप्राप्त लेखनाकडे दुर्लक्ष, संदर्भांची विश्वासार्हता असमाधानकारक. विश्वसनीय साधन कसं निवडावं, याचे जे नियम मी वर्षभर शिकवले, त्याच नियमांनी मी वर्गातल्या एकमेव विश्वसनीय साधनाचे गुण कापले. शेरा सुवाच्य अक्षरात लिहिला होता.

यादीत तिचं नाव आलं नाही. माझी बढती झाली. तिचे वडील मिठाईचा डबा घेऊन अभिनंदनाला आले आणि जाताना दाराशी हळूच म्हणाले, "पोर जरा हट्टी आहे, साहेब. तुम्हाला उलटून बोलली असेल तर मनावर घेऊ नका." मी म्हणालो, छे, छे. त्यांच्यासमोर मी त्यांची बर्फी खाल्ली आणि चांगली आहे असंही म्हणालो.

ते कुटुंब बदलीवर निघून गेल्यावर मी कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये जाऊन ते पान वाचलं. झेरॉक्समध्ये होतं तेच होतं. अहवाल परत दिला आणि घरी आलो.

बऱ्याच वर्षांनी ती सेक्टर सतराच्या बाजारात भेटली. लग्न होऊन शेजारच्या पंचकुलाला आली होती, शाळेत शिकवत होती. माझ्या पाया पडली, तेव्हा मला पाय मागे घ्यावेसे वाटले. बोलता बोलता म्हणाली, "सर, वो लाइन अब किताबों में भी आ गई है. आप एक बार लिख दीजिए ना. मेरे लिखने से कौन मानेगा?" तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. एखादं राहिलेलं काम सांगावं तसं सांगितलं. मी हो म्हणालो. मग निवृत्त झालो, तरी लिहिलं नाही.

आता लिहितो. त्या अहवालात गावांचा उल्लेख नाही. लोक दुकानं थाटून स्थिरावले, या माझ्या विधानाला काहीही आधार नाही. ज्यांनी ते माझ्याकडून घेतलं, त्यांनी काढून टाकावं. मूळ पान त्या मुलीने शोधलं होतं, आणि त्या लोकांचं पुढे खरोखर काय झालं, हा तिचा एम.फिल.चा विषय होणार होता. माझ्या वाक्यात उत्तर तयार असल्यामुळे आमच्या विभागात तो विषय पुन्हा कोणी घेतला नाही. ती गावकरी मंडळी तेव्हा हयात होती. आज त्यांच्यातलं विचारायला फारसं कोणी उरलेलं नाही.