लगाम तोंडात धरला तो दिवस

"वाक जरा. अजून वाक. साहेबांचा पाय पोचत नाही."

मी वाकलो. हिरोनं एक पाय माझ्या खांद्यावरून पुढे टाकला, मग दुसरा. दोन लाइटवाल्यांनी त्याला मागून वर ढकललं. मी गुडघ्यांवर हात टेकून उठलो. पिक्चरचा हिरो माझ्या मानेवर, आणि मी आरे कॉलनीच्या माळावर उतरत्या उन्हात उभा. घोडा म्हणून.

झालं असं होतं. हिरोला घोड्यावर बसता येत नव्हतं. लांबून दौडताना दिसायचा, नाल्यावरून उडी मारायचा, तो मी. त्याचेच कपडे, त्याच्यासारखाच केसांचा टोप, फक्त पाठ कॅमेऱ्याकडे. चेहरा जवळून दाखवायचा असला की त्याला लाकडी घोड्यावर बसवायचे. लाकडी घोडा म्हणजे काय, खाली स्प्रिंगा लावलेला ठोकळा. दोन माणसं तो हलवायची. लोकांना वाटायचं साहेब घोडा पळवतायत. त्या दिवशी स्प्रिंग तुटली. ऊन उतरायला आलं, डायरेक्टर ओरडायला लागला. तेव्हा असिस्टंट म्हणाला, "ह्या घोडेवाल्याच्या खांद्यावर बसवू या. हा उड्या मारेल. फ्रेममध्ये साहेबांची छाती आणि मागे आभाळ. बस."

असिस्टंट मुलुंडचा. मराठी माणूस, शिकलेला, चष्मेवाला. मला वाटायचं हा आपला.

मी उड्या मारल्या.

"लगाम सैल दिसतोय," कॅमेऱ्यामागून आवाज आला. असिस्टंट धावत आला. चामड्याचा पट्टा माझ्या तोंडाशी आणला. "दातात धर. ताण आला पाहिजे."

मी तोंड उघडलं.

पट्ट्याला माझ्या घोडीच्या मानेच्या घामाचा वास होता. सकाळी मीच त्याला तेल लावलं होतं.

हिरोनं लगाम खेचला. माझी मान मागे गेली. मग त्याला रंग चढला. बुटाची टाच माझ्या बरगडीत हाणली आणि ओरडला, "चल बेटा!" अख्खं युनिट हसलं. उतरताना तो म्हणाला, "घोडा अच्छा है यार. बस, लीद नहीं करता." परत हसले. चहावाला हसला. मी पण हसलो. सांगायला लाज वाटते. पण खोटं कशाला सांगू. हसलो.

आता मी कोण ते सांगतो. शाळा तिसरीपर्यंत. पुढे अक्षरं सुटली, घोडे राहिले. आम्ही मूळचे कोकणातले. माझा आजा लग्नात घोड्यावर बसला म्हणून वरच्या आळीच्या लोकांनी त्याला नवऱ्याच्या कपड्यांत खाली ओढला आणि चिखलात लोळवला. आमच्या वाडीतल्या माणसानं घोड्यावर बसायचं नाही, असा गावाचा कायदा. हे ऐकत ऐकत बाप मोठा झाला, मुंबईला आला आणि कुर्ल्याला टांगा चालवायला लागला. मी सात वर्षांचा असताना त्यानं मला टांग्याच्या घोड्यावर बसवलं. खोगीर नाही, काही नाही, उघड्या पाठीवर. म्हणाला, "हितून तुला कोण खाली ओढतो बघू."

पुढे रेसचे घोडे पहाटे फिरवायचं काम केलं. हाडं मोठी झाली, वजन वाढलं, जॉकी व्हायचं राहून गेलं. मग मरोळच्या एका शेठच्या तबेल्यात लागलो. शेठ पिक्चरवाल्यांना घोडे पुरवायचा. तिथे पारू आली.

पारू रेसमधून काढलेली घोडी. पुढचा पाय सुजलेला, कातडीतून बरगड्या दिसत होत्या. शेठ म्हणाला, हिचं काही खरं नाही. मी दोन महिने तो पाय शेकला. तिच्या शेजारी पोतं टाकून झोपलो. वर्षभरात ती लगामाशिवाय वळायला लागली. मांडी जरा दाबली की पुरे. दुसरा कोणी बसला तर ती दगडासारखी उभी राहायची, माझ्यासाठी वाऱ्यासारखी धावायची. ह्यात फुशारकी नाही. मरोळमध्ये तेव्हाचे कोणी जिवंत असतील तर विचारा.

शेठनं मला शब्द दिला होता. "हे पिक्चर नीट पार पडू दे. मग पारू विकणार नाही. तुझ्याच हाताखाली राहील." तेव्हा गिरण्यांचा संप होता. माझा भाऊ घरी बसलेला. दोन घरं माझ्या एकट्यावर. लोकांना वाटेल पोटासाठी मान वाकवली. पोटासाठी नाही. पारूसाठी वाकवली.

त्या संध्याकाळी घरी गेलो आणि चटईवर पालथा पडलो. बायकोला काही बोललो नाही. धाकटी मुलगी रोजच्यासारखी पाठीवर चढली, माझे केस धरले. "बाबा, घोडा! चल!" मी तिला झटकली. ती भिंतीवर आपटली. रडली नाही. नुसती बघत राहिली माझ्याकडे.

सकाळी तबेल्यात गेलो. पारूला तयार करायचं होतं. लगामाची लोखंडी कडी तिच्या तोंडाशी नेली. नवीन घोडा असला तर ओठाच्या कोपऱ्यात अंगठा घालून तोंड उघडावं लागतं, तो मान झटकतो, दात आवळतो, कधी चावतो. पारूला काही करावं लागायचं नाही. कडी दिसली की ती आपणहून तोंड उघडायची. मला त्याचा अभिमान होता. बघा माझी घोडी किती शहाणी.

त्या सकाळी तिनं तसंच तोंड उघडलं आणि माझा हात तिथेच थांबला.

काल माझ्या ओठात कुणी अंगठा घातला नव्हता. कुणी धरलं नव्हतं, मारलं नव्हतं. पट्टा समोर आला आणि मी तोंड उघडलं. आपणहून. म्हणजे मला कधीतरी शिकवलेलं होतं. कोणी शिकवलं, कधी, ते मला सांगता येईना. आज्याला निदान ओढावं तरी लागलं होतं.

माळावर पोचलो तर लाकडी घोडा दुरुस्त होऊन आलेला. नवी स्प्रिंग, वर खोगीर. मी सुटलो असं वाटलं. डायरेक्टरला कालचाच शॉट अजून एकदा हवा होता. हिरो लाकडी घोड्याकडे गेला, हात लावला आणि म्हणाला, "ये नहीं. कलवाला. उसपे फील आता है."

कलवाला म्हणजे कालचा. म्हणजे मी.

काल अडचण होती. आज अडचण नव्हती. आज मजा होती.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पारूला घेऊन पुढे गेलो. पाय ठेवायची रिकीब हातात धरली आणि म्हणालो, "साहेब, घोडी तयार आहे. हिच्यावर बसा. मी लगाम धरून बाजूनं चालतो. पडू देणार नाही. आईची शपथ."

हिरो दोन पावलं मागे सरकला. पारूनं नुसते कान हलवले होते. तो घाबरला हे सगळ्यांना दिसलं. तिथेच माझं काम संपलं, हे मलाही कळलं.

असिस्टंट जवळ आला. आवाज एकदम मऊ. "अहो, असं काय करता? एका शॉटचा प्रश्न आहे. तुम्हाला काय फरक पडतो? तुम्हाला सवय असते."

काल मी 'तू' होतो. आज 'तुम्ही' झालो.

मी म्हणालो, "मला घोड्यावर बसायची सवय आहे. अंगावर बसवून घ्यायची नाही."

"अहो, पण काल तर..."

"काल चुकलो."

फाइट मास्टर लांबूनच ओरडला, "ए, निकाल इसको!" शेठ आला. माझ्याशी बोलला नाही. माझ्या हातातून लगाम काढून घेतला आणि पारूला घेऊन चालायला लागला. ती जाईना. चार पाय रोवून उभी. शेठनं माझ्याकडे पाहिलं. मग मीच तिच्या मानेवर थाप मारली, जा म्हणून. तेव्हा गेली.

आठ दिवसांनी शेठ माझ्या खोलीवर आला. चहा घेतला. म्हणाला, "हिरोचं डोकं अजून गरम आहे. पण मी बोलून ठेवलंय. युनिटसमोर एकदा म्हण, गलती हो गयी. संपलं. पारू तुझी वाट बघते. दाणा खात नाही नीट. तू नाही आलास तर मला ती विकावी लागेल, उभी ठेवून काय करू?"

मी त्याची कपबशी उचलून बाजूला ठेवली.

"अडेलतट्टू आहेस लेका. मुक्या जनावराचा तरी विचार कर."

तो गेल्यावर बायकोनं तोंड सोडलं. ती मालवणची. "एक सबूद बोलूचो आसा. जीभ झडतली काय तुमची? पोरांच्या ताटात काय तुमचो हट्ट वाढू?"

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. लगाम दातात धरलेला, टाच, हसणं, सगळं. ती ऐकत बसली. मग उठली, भाकऱ्या थापायला लागली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरीक झटकलास, तां ह्याच्यासाठी?"

"होय."

त्यानंतर तिनं माफीचं नाव काढलं नाही. पण ती माझ्या बाजूची झाली असंही नाही. मुलांच्या डब्यात काय घालायचं हा सवाल तिचा होता, आणि तो खोटा नव्हता.

मी गेलो नाही. पारू विकली गेली. कुठे, ते शेठनं सांगितलं नाही. कोण म्हणालं वसईला, कोण म्हणालं नाशिककडे. दोन रविवार वसईला जाऊन तबेले पालथे घातले. सापडली नाही. तिचं तिथे कोण काय करत असेल, पाय शेकत असेल की नाही, ह्याचा विचार करून डोकं फिरायचं. मी मरोळच्या एका कारखान्यात वॉचमन झालो. स्टूलवर बसून रिटायर झालो. परत घोड्यावर बसलो नाही. कोणी बसवलंच नाही.

पिक्चर लागलं तेव्हा अंधेरीला जाऊन बघितलं. तो शॉट ठेवला होता. पहिल्या दिवसाचा. मागे आभाळ, हिरो वर-खाली होतोय, लगाम ताठ, त्याचे दात आवळलेले. थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. त्या शिट्ट्यांच्या खाली मी होतो आणि कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "काय बसलाय यार!" मी त्याला म्हणालो, "माझ्यावर बसलाय." त्याला वाटलं मी पिऊन आलोय. तो उठून दुसऱ्या खुर्चीवर गेला.

आता लोक विचारतात, पस्तावा होतो का? होतो ना. पारूचा होतो. रोज होतो. पण 'नाही' म्हणालो त्याचा होत नाही. मला खातं ते एवढंच की तो शब्द माझ्या तोंडातून एक दिवस उशिरा निघाला. तेवढ्या एका दिवसात त्यांनी मला पडद्यावर कायमचं घोडा करून ठेवलं.

उद्या कोणी पारूला माझ्या दारात आणून उभी केली आणि म्हणाला, ही घे, फक्त एकदा वाक, तरी मी वाकणार नाही. ती माझ्याकडे बघत असली तरी नाही. आणि ह्या वेळी पहिल्याच दिवशी नाही म्हणेन. पट्टा तोंडापर्यंत यायच्या आत.