डोळा पकडणारा कॅमेरा

लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी साचत जातात. हार्ड डिस्क आणि किस्से. हार्ड डिस्क भरली की गिऱ्हाइकाला फोन करून 'घेऊन जा रे बाबा तुझे फोटो' असं म्हणता तरी येतं. किस्से न्यायला कोणी येत नाही. ते आपल्याकडेच पडून राहतात, आणि एखादा तर असा की डिलीट करावासा वाटला तरी होत नाही.

बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळ माझा छोटा स्टुडिओ आहे. सकाळी शटर उघडलं की आमचं मंडळ जमतं. मंडळ म्हणजे तीन माणसं आणि चहा. एक मी, विलास. दुसरा पप्पू, बहादरपूरचा, घरी केळीचे मळे आणि डोक्यात यूट्यूब. तिसरे प्रभाकरभाऊ. कॅमेरा कसा धरायचा हे आम्ही दोघंही त्यांच्याकडेच शिकलो. भाऊंना काचबिंदू झालाय. वर्षापूर्वी एक डोळा गेलेला, दुसरा जाण्याच्या वाटेवर, आणि भाऊंना पुढच्या सीझनचीही लग्नं घ्यायची होती. दुसरं काही त्यांना येत नाही, आणि शिकायची इच्छाही नाही.

त्यामुळे गेल्या वर्षभरात आमच्याकडे जे काही घडलं ते सगळं एका कॅमेऱ्याभोवती घडलं. आणि तो कॅमेरा तेव्हा बाजारात आलेलाच नव्हता!

*

पप्पू एका सकाळी ओरडतच आत आला, "लीक आला, लीक आला!"

भाऊंनी घाबरून छताकडे पाहिलं. "कुठून गळून राहिलं रे?"

लीक म्हणजे फुटलेली बातमी, हे त्यांना समजावण्यात अर्धा चहा थंड झाला. आमच्या कॅमेऱ्यांच्या कंपनीचा नवा फ्लॅगशिप येणार होता. फ्लॅगशिप म्हणजे सगळ्यात वरचा, सगळ्यात भारी, मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला.

"भाऊ, ऑटोफोकस तं असा आहे म्हणे, का एकदा डोळा पकडला का सोडतच नाही. माणसाचा, कुत्र्याचा, मांजरीचा. उडत्या पक्ष्याचा बी!"

"पक्ष्यांची लग्नं कोण घेऊन राहिलं रे?" भाऊ म्हणाले.

"नवरदेव पळाला तं कामी येईन ना!"

आम्ही खदाखदा हसलो. भाऊ हसले नाहीत. त्यांनी सावकाश विचारलं, "मतलब, आपण फक्त कॅमेरा धरायचा? बघायचं काम तो करीन?"

"एकदम, भाऊ!"

भाऊंनी कप खाली ठेवला तो बशीच्या बाहेर. चहा काउंटरवर सांडला. आम्ही दोघांनी पुसून घेतला.

*

खरं म्हणजे भाऊंचे डोळे चाललेत हे आम्हाला आधीच कळायला हवं होतं. फोपनारच्या लग्नातच.

भाऊंचा एक खास फोटो असायचा. मंगलाष्टकं संपत आली की ते नवरीच्या खांद्यामागे जाऊन उभे राहायचे, आणि अंतरपाट खाली सरकताना पलीकडून उगवणारा नवरदेवाचा चेहरा टिपायचे. त्या एका क्षणात नवरदेवाचा जो चेहरा होतो तो पुन्हा आयुष्यात होत नाही. हा फोटो आमच्यात दुसऱ्या कोणाला जमत नव्हता. मला अजून जमत नाही.

फोपनारलाही भाऊ आपल्या जागेवर होते. अक्षता पडल्या, कापड खाली आलं, वाजंत्री सुरू झाली, भाऊंचा कॅमेरा कडकडकड वाजला. काही दिवसांनी नवरीचे मामा फोटो बघायला आले. अंतरपाटावरचं कुंकवाचं स्वस्तिक असं आलं होतं की कापडाचा धागा न् धागा दिसावा. त्याच्यामागे नवरदेव म्हणजे नुसता गुलाबी धुरळा!

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "भाऊ, स्वस्तिक फर्स्ट क्लास आलं. आता याच्यात जावई कोणता ते सांगा!"

सगळे हसले. मामा गेल्यावर भाऊ म्हणाले, "कॅमेरा म्हातारा झाला रे. फोकस पकडून नाही राहिला."

मी आणि पप्पूने माना डोलावल्या. कॅमेरा जवळजवळ नवा होता.

*

पप्पूचंही एक सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सगळं भाऊंच्याच माथी मारतो.

त्याने गावातल्याच एका जोडप्याचं प्री-वेडिंग केळीच्या मळ्यात ठेवलं. आयडिया चांगली होती. पण केळीचं पान केवढं असतं! वारा सुटला की पान मध्ये यायचं, आणि पप्पूचा कॅमेरा नवरीचे डोळे सोडून पानाला चिकटायचा. अर्ध्या फोटोंत पानाच्या शिरा स्पष्ट आणि मागे दोन भुतं.

नवरदेवाचे वडील फोटो बघायला बसले. पप्पूला घाम फुटलेला. काका एक फोटो झूम करून बघतच राहिले.

"पप्पू, हे पान कोणत्या मळ्यातलं?"

"तुमच्याच, काका. विहिरीजवळचं."

"अरे, याच्यावर तं करपा दिसून राहिला!"

झालं! काका तसेच उठले आणि फवारणीचं औषध आणायला निघाले. दारातून वळून म्हणाले, "पप्पू, उद्या येजो. पलीकडच्या मळ्याचे बी काढून घे. नवरानवरी नसले तरी चालतीन!"

भाऊ त्या दिवशी पोट धरून हसले. हसू ओसरल्यावर म्हणाले, "नवा आला का मग पान मधात आलं तरी तो डोळा सोडणार नाही. हो का नाही?" आता सगळ्या गोष्टी याच वाक्यावर येऊन थांबायला लागल्या होत्या, आणि मला त्या न आलेल्या कॅमेऱ्याची चीड यायला लागली होती.

*

इंदूरच्या डॉक्टरांकडे भाऊंना मी घेऊन गेलो. तपासणी झाली. डॉक्टर भले माणूस, शांतपणे सांगत होते, "लेंस की बात होती तो बदल देते. ये पीछे की नस है. जितना गया, वो वापस नहीं आएगा."

भाऊंनी मान हलवली. "मतलब लेन्स ओके है, केबल गया."

"ऐसा ही समझ लीजिए."

"तो साहब, बॉडी एक्सचेंज में जाती है क्या?"

डॉक्टर हसले, नर्स हसली. बाहेर आल्यावर भाऊ मला म्हणाले, "पाहिलं? अजून हसवता येते मले."

येताना खंडव्याहून गाडी पकडली. लख्ख दुपार. चांदनीला गाडी थांबली ती अशी की स्टेशनची पिवळी पाटी थेट आमच्या खिडकीसमोर.

भाऊंनी विचारलं, "विलास, चांदनी आलं का रे?"

"आलं, भाऊ."

ते थोडा वेळ खिडकीकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "पाटी काढून टाकली वाटते यांनी."

गाडी हलेपर्यंत मी त्या पाटीवरची अक्षरं परत परत वाचत बसलो.

*

कॅमेरा दिवाळीला येणार होता. मग संक्रांतीला. मग पप्पू म्हणाला, "होळीपर्यंत पक्का!" होळीही गेली. एकदाचा कंपनीचा व्हिडिओ आला. दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही तो मोठ्या स्क्रीनवर लावला. भाऊंच्या पत्नी सुमनवहिनीही आल्या होत्या. स्क्रीनवर कोणी गोरा सायकलवरून चिखलातून सुसाट जात होता, आणि त्याच्या डोळ्यावर फोकसचा हिरवा चौकोन गोचिडासारखा बसलेला.

वहिनी म्हणाल्या, "हे तं ठीक. पण होमाचा धूर झाला तं?"

प्रश्न शंभर नंबरी होता. भाऊंनी लगेच पप्पूला व्हिडिओखाली हिंदीतून लिहायला सांगितलं: होमाच्या धुरात, डोक्यावर पदर घेतलेल्या आणि कपाळावरून मुंडावळ्या लोंबणाऱ्या नवरीचा डोळा हा कॅमेरा पकडतो का? फोटो काढणाऱ्याला कमी दिसत असेल तर?

मग रोज सकाळी पहिला प्रश्न, "आलं का रे उत्तर?" बरेच दिवस काही आलं नाही. एक दिवस आलं. पप्पूने मनातल्या मनात वाचून फोन खिशात टाकला. भाऊंनी जबरदस्तीने वाचायला लावलं.

कोणीतरी लिहिलं होतं, "अंकल, ऐसे टाइम पे मैन्युअल फोकस कर लो ना. खुद की आँख से अच्छा कुछ नहीं!"

*

त्या सीझनला भाऊंचा ऑटोफोकस म्हणजे सुमनवहिनी. चांगली साडी नेसून त्या भाऊंच्या मागे उभ्या राहायच्या आणि पुटपुटायच्या, "थोडं डावीकडे. अजून. हां, आता वर पाहून राहिली. घ्या!" लोकांना वाटायचं, बाई नवऱ्याला लग्नातही सुनावत असते.

बहादरपूरला पाठवणीच्या वेळी नवरीची आई हुंदके देत होती. वहिनी घाईघाईने म्हणाल्या, "रडून राहिली, रडून राहिली, घ्या लवकर!" आवाज जरा मोठा झाला. ती माउली दचकून रडायचीच थांबली. डोळे पुसून म्हणाली, "बाई, तुम्ही सांगा, मग रडते!"

हा किस्सा आम्ही खूप दिवस सांगत होतो. मग असं झालं की भाऊंना लग्नाचे फोन यायचे थांबले. शेवटचा फोन आला तो अगदी जुन्या घरोब्यातल्या माणसाचा. भाऊ खुश. फोन स्पीकरवर होता म्हणून आम्हीही ऐकलं. "भाऊ, लग्नाला यायचं बरं का! वहिनींना घेऊन. फोटोचं टेन्शन घेऊ नका, त्याला आम्ही खंडव्याची पार्टी सांगितली. तुम्ही फक्त आरामात जेवा."

भाऊ म्हणाले, "येतो ना. नक्की येतो." ते गेले नाहीत.

*

तो कॅमेरा शेवटी आलाच. विकायला नाही, दाखवायला. भोपाळहून कंपनीचा माणूस आला, टाय लावून, आणि डेमो माझ्या स्टुडिओत ठेवला.

पप्पू कॅमेऱ्यासमोर माकडासारखा नाचला. हिरवा चौकोन डोळ्यावरून हलला नाही. त्याने एक डोळा हाताने झाकला, चौकोन दुसऱ्या डोळ्यावर गेला. यूट्यूबवाले खरं बोलत होते, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

भाऊ आले ते वहिनींचा हात धरून. तोपर्यंत त्यांना उजेड आणि सावली एवढंच उरलं होतं. कंपनीच्या माणसाला हे माहीत नव्हतं. त्याने मोठ्या आदराने कॅमेरा त्यांच्या हातात दिला. "अंकल, आपको कुछ करना ही नहीं है. चेहरे की तरफ करो, बस."

भाऊंनी कॅमेरा डोळ्याला लावला. "सुमन, तू उभी राहा तिकडे. जिंदगीभर दुसऱ्यांच्या नवऱ्या काढल्या, तुझा एक धड फोटो काढला नाही."

"आता काय या वयात," असं म्हणत वहिनी भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. केसांवरून हात फिरवला. त्यांच्या शेजारीच भिंतीवर मी नमुन्यासाठी लावलेला एका नवरीचा फोटो आहे, दाराएवढा. भाऊ आवाजाच्या दिशेने वळले, पण थोडे जास्तच वळले. फोकस लागल्याचं टिक झालं, आणि त्यांनी बटण दाबलं.

कंपनीच्या माणसाने स्क्रीन पाहिली. "अंकल, ये तो दीवारवाली..."

मी त्याच्या बुटावर पाय दिला. स्क्रीनवर भिंतीवरची नवरी होती. कडेला वहिनींचा खांदा आणि हिरव्या पदराचा तुकडा, तोही पुसट. पप्पू रस्त्याकडे बघायला लागला.

वहिनी जवळ आल्या तसा भाऊंनी कॅमेरा त्यांच्या पुढे धरला. "पाह्य. डोळे आले का?"

वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. "आले. पापणी न् पापणी दिसून राहिली."

"खरं?"

"तुमची शपथ."

भाऊ इतके खुश झालेले मी वर्षभरात पाहिले नव्हते. त्यांनी कॅमेरा छातीशी धरला आणि विचारलं, "अन् हसून राहिली का?"

वहिनींनी पुन्हा एकदा स्क्रीनकडे पाहिलं.

"हसून राहिली," त्या म्हणाल्या.