व्हिटॅमिनची चढाओढ

चार माणसं रोज सकाळी एकत्र पळायला लागली की वजन घटो न घटो, किस्से वाढतात. आमच्या नवीन पनवेलच्या ग्रुपचे तर इतके साठलेत की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच घुसतो. आणि ग्रुप पळणाऱ्यांचा असला, तरी निम्मे किस्से गोळ्यांचे!

आम्ही चौघं. मी सावंत, माझं चष्म्याचं दुकान. जोगळेकर रिटायर्ड, लेक अमेरिकेत. सलीमभाईंचं मेडिकल स्टोअर. आणि चौथा जनादादा म्हात्रे, उलव्याजवळच्या गावातला. वयाने आमच्यात सगळ्यात मोठा, आणि पळण्यात सगळ्यात पुढे. माझं दुखणं तेच!

*

आम्ही धापा टाकत करंजाड्याच्या दिशेने निघालेलो असायचो, तेव्हा जनादादा तिकडून परत येत असायचा. तेही फोनवर बोलत! वर हात करून ओरडायचा, "चला सावंत, चा थंड व्हतंय!"

एकदा पळून झाल्यावर त्याने गाडीतून एक बाटली काढली आणि एक गोळी तोंडात टाकली.

"कसली हो?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ताकदीची हाय," म्हणाला आणि बाटली खिशात!

मला फक्त गुलाबी झाकण दिसलं. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकाला "खालची ओळ वाचा" म्हणत होतो आणि डोळ्यांपुढे ते झाकण. शेवटी तसल्याच झाकणाची बाटली ऑनलाइन मागवली. पंधरा दिवस मनोभावे गोळ्या घेतल्या. पायांत फरक जाणवतोय असंही वाटायला लागलं होतं.

मग एकदा रेखाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, बाटली उचलून मागचं वाचलं. माझ्याकडे पाहिलं. परत वाचलं.

"अहो, ही बाळंतिणींची व्हिटॅमिनं आहेत. बारसं कधी करायचं?"

*

तोंड पाडून सलीमभाईंकडे गेलो. ते म्हणाले, "जनादादा साधी मल्टिव्हिटॅमिन घेतो. डॉक्टरने लिहून दिली, माझ्याच दुकानातून नेतो. तुम्ही झाकणाचा रंग बघून गोळ्या घेतल्या? या खुदा! रंग बघून आंबे घ्यावेत."

मग त्यांनी मला शिकवणीच दिली. बाटली फिरवून मागची बाजू वाचायची. कुठलं व्हिटॅमिन किती आहे ते स्पष्ट लिहिलेलं हवं. लायसन्स नंबर, बॅच नंबर, एक्सपायरी बघायची. सील फुटलेलं नको. 'चमत्कार' शब्द दिसला की बाटली खाली ठेवायची. "आणि सगळ्यात आधी रक्त तपासा. अंगात कमीच नसेल, तर गोळी कशाला?"

मी त्यांच्यासमोरच एक बाटली हातात घेतली. लांब धरली. जवळ धरली. पुन्हा लांब धरली.

"काय झालं?"

"अक्षर फार बारीक आहे हो."

सलीमभाई गंभीरपणे म्हणाले, "मग एखाद्या चांगल्या चष्मेवाल्याला दाखवा!"

*

जोगळेकरांच्या लेकीने अमेरिकेहून व्हिटॅमिनच्या जेली पाठवल्या होत्या. बरणी केवढी? लोणच्याची वाटावी! जोगळेकर ती रोज बागेतल्या बाकावर मांडून बसायचे आणि तिच्याकडे सगळ्यांनी बघावं म्हणून रुमालाने पुसायचे. सगळे बघायचे. मी तर जास्तच.

बरेच महिने कोणाला एकही जेली मिळाली नाही. मग एका सकाळी अचानक दिलदार झाले. प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवली, प्रसादासारखी.

"घ्या, घ्या. अमेरिकन क्वालिटी! आपल्याकडे कुठे मिळतंय असलं?"

सलीमभाईंनी जेली तोंडात टाकली नाही. बरणी उचलली, फिरवली, तळाशी काय छापलंय ते वाचलं आणि दोन्ही हातांनी अदबीने परत दिली.

"जोगळेकर साहेब, ही व्हिटॅमिनं मागच्या वर्षीच मरहूम झालीत!"

*

सलीमभाईंचं ऐकून सगळ्यांनी रक्त तपासलं, आणि दहावीचा निकाल लागावा तशी अवस्था झाली. जोगळेकरांनी आपला बी-ट्वेल्वचा रिपोर्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "देवाची कृपा." माझा बी-ट्वेल्व कमी आला होता. मी ग्रुप म्यूट केला.

सोबत रेखानेही तपासणी केली होती. तिचं सगळंच्या सगळं उत्तम! आयुष्यात एक गोळी न घेता!

मी दिवसभर तिच्याशी धड बोललो नाही. रात्री वाढताना तीच म्हणाली, "बोला आता. पुढच्या वेळी तुम्हाला पेपर दाखवीन."

*

आता हा किस्सा हसत सांगतो, पण तेव्हा घरी कोणी हसत नव्हतं.

जनादादाला डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीची जोरदार गोळी दिली होती. आठवड्याला एक. हे मला कळलं, आणि डोक्यात किडा शिरला. तो आठवड्याला एक घेतो काय? मी रोज घेणार! सलीमभाईंनी चिठ्ठी मागितली असती, म्हणून दुसऱ्याच दुकानातून आणल्या.

महिना-दीड महिना गेला. तोंडाला कोरड, सारखी लघवी, अन्नावर वासना नाही. एका सकाळी करंजाड्याच्या वळणावर पाय गळाले आणि फूटपाथवरच बसलो. समोरून जनादादा येत होता. त्याने काही विचारलं नाही. काखेत हात घालून मला उचललं, रिक्षात घातलं आणि हॉस्पिटल गाठलं.

रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलेलं. सलाइन लागली. डॉक्टर म्हणाले, किडनी थोडक्यात वाचली. रेखाचा चेहरा पांढराफटक.

"रोज घ्यायला कोणी सांगितलं होतं?" डॉक्टरांनी दरडावलं.

रेखा म्हणाली, "जळफळाटाने, डॉक्टर. तोच यांचा फॅमिली डॉक्टर!"

जनादादा संध्याकाळपर्यंत कॉटशेजारून हलला नाही. हळूच म्हणाला, "मना इचारायचा ना, सावंत. आमी काय लपवून ठेवला असता?" माझे डोळे भरून आले. तेवढ्यात सिस्टर आली, तिला त्याने काहीतरी विनोद सांगितला, ती खळखळून हसली.

माझ्या विनोदाला सकाळपासून एकदाही हसली नव्हती!

*

मी बरा झाल्यावर जनादादाने आम्हाला गावी जेवायला बोलावलं. त्याची आई, वय नव्वदीच्या घरात, ओट्यावर बसून सुकट निवडत होती. आम्हाला बघून कशाचाही आधार न घेता ताडकन उठली आणि स्वतः पाणी आणायला गेली. माझ्या गुडघ्यांना तिचा हेवा वाटला.

राहवलं नाही. विचारलंच, "आजी, या वयात एवढी ताकद? काय घेता तुम्ही?"

आजीने इकडेतिकडे पाहिलं. मला जवळ बोलावलं. समोरच्या ओट्यावर तिच्याच वयाची एक म्हातारी बसली होती, तिच्याकडे हनुवटीने दाखवलं आणि कुजबुजली, "ती चांगुना. आमी दोघी एकाच सालात लगीन होऊन या गावान आलो. ती बिनकाठीची चालते. ती चालते तवर मी बसायची नाय!"

जेवण झालं. जिताडा मासा असा होता की त्यावर वेगळा किस्सा होईल. निघालो, गाडीकडे चाललो, तर समोरच्या ओट्यावरून हाक आली.

"ए बाबा, जरा हिकरं ये."

गेलो. चांगुना आजीने माझं मनगट घट्ट धरलं, मला खाली ओढलं आणि कानात विचारलं,

"ती तुला हलूच काय सांगत व्हती? खरा सांग. कंची गोली घेते ती?"