चार ते सहा, पास दोनच

नर्सच्या खिशात पेन टिकत नाही. डॉक्टर नेतात, नातेवाईक नेतात, एकदा तर पेशंटनेच उशीखाली दडवलं होतं. किस्से मात्र कोणी उचलून नेत नाही, ते आपले साचतच जातात! आमच्या वॉर्डात तर जरा जास्तच.

आमचा वॉर्ड पॅलिएटिव्ह. म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडचे असे पेशंट, ज्यांचा आजार आता बरा होणार नाही. त्यांचं दुखणं कमी करायचं, झोप लागू द्यायची, हे आमचं काम. बाहेरच्यांना वाटतं, इथे नुसती रडारड असेल. अहो, इथल्याइतकी मी आयुष्यात कुठे हसले नाही! आणि सगळी भांडणं एकाच गोष्टीवरून. भेटीची वेळ चार ते सहा, पास दोनच. नियम इनचार्ज बोरकर मॅडमचा, राखण गेटवरच्या बंडूभाऊंची. वॉर्ड लहान, पेशंट नाजूक, त्यामुळे नियम चुकीचा नव्हताच. पण इथे आज हुकलेली भेट उद्या होईलच असं नसतं, हे त्या दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

*

सावलीकडच्या अनसूयाबाईंना भेटायला ऐन रोवणीत ट्रॅक्टरची ट्रॉली भरून बाया आल्या. पायांना चिखल तसाच. बंडूभाऊ आडवे आले.

“पेशंटच्या कोण तुम्ही?”

“बहीण.”

“अन् तुम्ही?”

“मीबी बहीणच!”

शेवटची बाई उतरेपर्यंत सगळ्या बहिणीच! बंडूभाऊ वैतागले. “एका मायच्या एवढ्या पोरी?”

तशी त्यांच्यातली म्हातारी पुढे आली. “माय येगळी हाय रे बाप्पा, पण बांधी एक हाय. जलमभर एका बांधीत वाकून धान रोवलं तिच्यासंग. बहीण काय यापेक्षा मोठी रायते?”

बंडूभाऊंनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी फाइलकडे पाहिलं, आणि बाया आत. अनसूयाबाई दोन दिवस डोळे उघडत नव्हत्या. तो गलका ऐकून त्यांनी उघडले, एकेकीवरून नजर फिरवली आणि करवादल्या, “रोवना सोडून इथी काऊन आल्या वं साऱ्या? धानाचे पऱ्हे सुकून राह्यले असतीन ना तिकडे!”

*

मॅडमनी एकदा दारावर बोर्ड लावला, ‘पेशंटसमोर रडू नये.’ नागभीडच्या एका आजींनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

“सिस्टर, तो बोर्ड काढा बरं. इतक्या वर्सात माह्या सुनेले पहिल्यांदा माह्यासाठी रडू येऊन राह्यलं होतं. बोर्ड वाचला अन् थांबली!”

बोर्ड त्याच दिवशी उतरला.

*

माजरीच्या कोळसा खाणीतून रिटायर झालेले एक काका होते. मुलगाही खाणीतच. फर्स्ट शिफ्ट सुटली की थेट वॉर्डात यायचा, नखशिखांत काळा. मॅडमनी बजावलं, आंघोळ केल्याशिवाय पेशंटजवळ फिरकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पोरगा स्वच्छ आंघोळ करून, पावडर लावून हजर. काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“काऊन रे, ड्युटीले दांडी मारली काय?”

“नाई बाबा, करूनच आलो.”

“खोटं बोलतं! तोंड पाह्य आपलं! मी मराच्या पहिलेच नोकरी घालवतं काय?”

सहा वाजेपर्यंत नुसत्या शिव्या. पोरगा रडकुंडीला आला.

तिसऱ्या दिवशी तो आंघोळ करूनच आला. दाराशी थांबला, खिशातून एक पुडी काढली, चिमूटभर कोळसा कपाळाला आणि गालांना फासला आणि आत गेला. काकांनी त्याचा हात धरला. “ये. थकला असशीन.”

मॅडमनी हे सगळं पाहिलं. मला वाटलं, आता स्फोट! तर हळूच म्हणाल्या, “चिमूटभरच आहे ना? चालते.”

*

वरोऱ्याचे घड्याळवाले रशीदचाचा. वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ कधीचं बंद होतं, ते त्यांनी पलंगावर बसल्या बसल्या चालू केलं. मॅडम खूश! पण गेट उघडायचं बंडूभाऊंच्या मोबाईलवर आणि बंद व्हायचं वॉर्डातल्या घड्याळावर. त्या दिवसापासून आमच्याकडे सहा काही केल्या वाजेनात. चाची शेजारी बसून निवांत सुपारी कातरायच्या.

शेवटी मॅडमनी मनगट पुढे केलं. “चाचा, हे भिंतीवरचं मागं आहे.”

चाचांनी चष्मा लावून त्यांचं घड्याळ तपासलं. “नहीं सिस्टर, आपकी घड़ी फास्ट है. लाइए, ठीक कर देता हूँ!”

मॅडमनी पटकन हात मागे घेतला.

*

आणि सोमाजीभाऊ.

सोमाजीभाऊ आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रावण यांच्यात शेताच्या धुऱ्यावरून वाद झाला होता. मधला बांध कोणी सरकवला, यावरून. तेव्हापासून अबोला. सोमाजीभाऊंचे फार दिवस उरले नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर श्रावणभाऊ रोज एसटीनं यायचे, गेटजवळच्या ओट्यावर बसायचे, बंडूभाऊंना विचारायचे, “आज जेवला काय?” आणि परत जायचे.

“पास देतो ना, वर जाऊन पाहा,” बंडूभाऊ म्हणायचे.

“नाई. जित्तेपणी त्याच्याशी बोलणार नाई, अशी शपथ घेतली हाय. मयतीले येईन.”

हे मी वर जाऊन सोमाजीभाऊंना सांगितलं.

“मयतीले तो येईनच सिस्टर. मोठ्यानं रडनबी. पण मले आयकू येणार नाई ना!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप धाडला. “त्याले म्हणा, मी मेलो असं समज अन् ये. डोये उघडणार नाई, एक शब्द बोलणार नाई. शपथ मोडत नाई.”

श्रावणभाऊंनी बराच विचार केला. मग उठून बाजारात गेले आणि नवं पांढरं कापड घेऊन आले. मयतीला कोणी रिकाम्या हातानं जातं का?

सोमाजीभाऊ सरळ झोपले, डोळे मिटले, हात छातीवर. श्रावणभाऊ कापड घालायला लागले तशी मी ओरडले, “तोंडावर नको हं! ऑक्सिजन चालू आहे!”

कापड गळ्यापर्यंत घातलं. मग ते पायाशी बसले आणि मयतीत बसतात तसा गळा काढला. लहानपणी दादानं नाल्याच्या पुरातून खांद्यावर कसं नेलं, सगळं सांगितलं. “माह्या पोरीच्या लग्नात तू मांडवाबाहेर उभा होता रे दादा. मी पाह्यलं होतं. पण बलावलं नाई!”

मेलेल्या माणसाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं. मी ते पुसलं. मग माझेही डोळे पुसले.

“साऱ्याची माती झाली रे! कायच्यापायी? दोन हात जागेपायी!”

“दीड हात,” मयत बोललं.

श्रावणभाऊ डोळे विस्फारून पाहत होते. मग नाक पुसत म्हणाले, “दोन!”

“दीड हात, बे! मी सोता मोजलं होतं!”

“अन् मी काय आंधया होतो?”

तेवढ्यात बंडूभाऊ दारात आले. “मॅडम, सहा वाजले. काढू काय त्याईले बाहेर?”

बोरकर मॅडमनी आत पाहिलं. दोघंही एकमेकांचं मनगट धरून हात मोजत होते.

“मयतीतून कोणी टाइम पाहून उठते काय, बंडूभाऊ?” त्या म्हणाल्या, आणि दार स्वतः लोटून घेतलं.