बोंडं सोलण्यात पहिली

सरांनी वर्गाच्या दारापाशी पोतं रिकामं केलं. त्यांच्या शेतातली बोंडं. बोंडअळीनं त्या साली कापूस झाडावर नीट फुटलाच नव्हता. अर्धवट उकललेली बोंडं तोडून आणायची अन् आतला पिवळट कापूस नखानं ओढून काढायचा. टरफलं बोटांत घुसत. ते काम आम्हा तिघींचं. तिघी बौद्धपुऱ्यातल्या, आमच्या आया सरांच्याच शेतात कापूस वेचणीला जात. बाकीचा वर्ग बाकांवर. तास इंग्रजीचा.

“पाहा,” सर म्हणाले. “ही सोलते फास्ट. ती फास्टर. अन् ही,” खडू माझ्याकडे, “फास्टेस्ट. काम कसं होते ते सांगते, म्हणून क्रियाविशेषण. लिहून घ्या. रक्तातच हाये यांच्या.”

वर्ग हसला. मीही हसले. पहिला नंबर होता ना माझा!

घरी माय चुलीपाशी होती. “माय, मी फास्टेस्ट आली!”

“म्हंजे काय वं?”

“सगळ्याईत जल्दी.”

“कायच्यात?”

“सरायची बोंडं सोलण्यात.”

तिचा हात थांबला. “हे तं मलेही येते. यासाठी धाडलं का तुले शाळेत?” अन् ती रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. वर्ग कशाला हसला, ते तेव्हा कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पोतं आलं. मी बाकावर जाऊन बसले.

“इकडं ये.”

“मी बोंडं सोलत नाही, सर. मले वाक्य लिहाचं हाये.”

“मंग उभी राह्य.”

राहिले. त्या दोघी मान खाली घालून सोलत होत्या. ते पाहणं उभं राहण्याहून जड गेलं.

सरांनी मायला वेचणीला बोलावणं बंद केलं. ती परगावी जाऊ लागली. माफी माग, असं एकदाही म्हणाली नाही. फक्त विचारायची, “आजही उभंच ठेवलं?”

“हो.”

“राह्य मंग.”

वही हातावर धरून लिहीत वर्ष काढलं. त्या दोघींनी दिवाळीनंतर शाळा सोडली. ते दुःख अजून जात नाही.

आता मी दिग्रसकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. वेचणीच्या दिवसांत बाकं रिकामी दिसली की शेतात जाते. पोरीच्या कमरेची कापसाची ओटी सोडते, तिचा हात धरते. मालक शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून ओरडतो. ओरडू दे. पोरगी मी तिथं ठेवून येणार नाही.